आधी थांबायला शिका: खान्देशात जुनी गाडी पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांसाठी

मामांनी त्यांची १९७८ची प्रीमियर पद्मिनी माझ्या हाती दिली, तेव्हा मला गाडी चालवायला लागून बारा वर्षं झाली होती. पण ती नवी गाडी, पॉवर स्टिअरिंग, एसी, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) असलेली. जळगावहून पाळधी, एरंडोल करत पारोळ्याला जायचं, एवढंच काम. एरंडोलच्या अलीकडे कापसाची ट्रॉली आडवी आली. मी नेहमीसारखा ब्रेकवर पाय ठेवला आणि काहीच झालं नाही. म्हणजे झालं, पण मला हवं होतं त्याच्या निम्मंच. मग घाबरून लाथ घातल्यासारखा दाबला, तेव्हा गाडी डावीकडे ओढत ओढत कशीबशी थांबली. ट्रॉलीतून लोंबणारा कापूस बोनेटला लागायचाच काय तो बाकी होता. मामा शेजारी बसून तंबाखू चोळत होते. म्हणाले, "ऐकते ती. पण तिला आधी सांगावं लागतं."

ते "आधी" शिकायला मला वर्ष लागलं. तुम्हाला लवकर जमावं म्हणून हे लिहितोय. घरातली फियाट (पद्मिनीलाही लोक फियाटच म्हणतात), ॲम्बेसेडर किंवा काकांची जुनी जीप झाकण काढून बाहेर काढायची असेल, तर क्रमाने जा. पायऱ्या गाळू नका, विशेषतः ब्रेकची.

एक खुलासा. आपण सरसकट "व्हिंटेज" म्हणतो, पण जगभरचे शौकीन हा शब्द साधारण १९१९ ते १९३०च्या गाड्यांसाठी वापरतात. आपल्याकडे २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली, धंद्याला न लावलेली गाडी व्हिंटेज ठरते. आमच्या पद्मिनीला त्यासाठी २०२८ उजाडावं लागेल. चालवायचं कसब मात्र सगळ्या जुन्या गाड्यांना बरंचसं एकच लागतं.

पायरी १: उभ्या गाडीत बसा

पहिल्या दिवशी गाडी सुरूच करू नका. दार लावून अर्धा तास नुसते बसा आणि डोळे मिटून एकेक वस्तू हाताने शोधा. पद्मिनीचा गिअर बहुधा स्टिअरिंगखाली, डाव्या हाताला असतो. आजच्या गाडीची सवय असलेला हात मांडीजवळ जातो आणि रिकामा परत येतो. चौकात मागून हॉर्न वाजत असताना हे झालं की घाम फुटतो. कुठला गिअर कुठे पडतो ते मालकाकडून शिकून घ्या, मग बंद गाडीत क्लच दाबून शंभर वेळा टाका. हँडब्रेक काही गाड्यांत डॅशखाली छत्रीच्या मुठीसारखा ओढायचा असतो. काहींत डिपर पायाने मारायचा असतो, क्लचच्या शेजारी. इंडिकेटर वळणानंतर आपोआप बंद होईलच असं नाही. आरसा बऱ्याचदा एकच, तोही थरथरणारा. तेव्हा मान वळवायची सवय पुन्हा लावावी लागेल.

पायरी २: निघण्याआधीची पाच मिनिटं

नवी गाडी काही बिघडलं की डॅशवर दिवा लावते. जुनीत तो दिवा तुम्ही. रेडिएटरचं पाणी, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल आणि फॅनबेल्ट रोज सकाळी, गाडी थंड असताना बघायचे. ब्रेक ऑइलची डबी मागच्या आठवड्यापेक्षा खाली गेली असेल तर नुसती भरून निघू नका. ते तेल कुठेतरी गेलंय. चारही चाकांच्या आतल्या बाजूला हात फिरवून ओल लागते का पाहा. या तेलाला स्वतःचा असा तिखट वास असतो, एकदा घेतला की विसरत नाही.

पायरी ३: सुरू करणं

गाडी आठवडाभर उभी असेल तर हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा कार्ब्युरेटर कोरडा पडलेला असतो. इंजिनाच्या बाजूला असलेल्या पेट्रोल पंपाला हाताने चालवायची छोटी दांडी असते, ती दहा-बारा वेळा हलवा. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरवण्यापेक्षा हे बरं. चोक, म्हणजे थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून ओढायची मूठ, किती ओढायचा हे हवेवर ठरतं. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा सहा-सात अंशांवर येतो, तेव्हा पूर्ण चोक लागतो. मे महिन्यात जळगावात चोकला हात लावलात तर प्लग ओले होतील आणि पेट्रोलचा भपकारा येईल. तसं झालं तर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा, पंप करू नका, आणि सेल्फ मारा. नाहीच घेतली तर दहा मिनिटं चहा घ्या.

सुरू झाली की ऑइलचा दिवा गेला का बघा. नाही गेला तर लगेच बंद करा. गेला असेल तर इंजिनाची लय सरळ होईपर्यंत थांबा. थंड इंजिनाला रेस देऊ नका. चोक हळूहळू आत ढकला. विसरलात तर पुढच्या गावापर्यंत काळा धूर सोडत जाल आणि पोरं मागे पळतील.

पायरी ४: गिअर

जागा मोकळी हवी. जळगावकरांना रविवारी सकाळचे एमआयडीसीतले रस्ते चांगले, धुळ्या-नंदुरबारकडे एखादं बिनवर्दळीचं मैदान शोधा.

फियाट आणि ॲम्बेसेडरच्या गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्याला सिंक्रोमेश (गिअर टाकताना आतल्या चाकांचा वेग आपोआप जुळवणारी रचना) आहे, पहिल्याला नाही. त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही. टाकलात तर जो आवाज येतो तो ऐकून शेजारचा माणूससुद्धा डोळे मिटतो. बाकीचे गिअरही आता झिजलेले असणार, म्हणून खाली उतरताना डबल क्लच शिकून घ्या. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, ॲक्सिलरेटरला हलकी थाप द्या, पुन्हा क्लच, मग गिअर. थापेने गिअरबॉक्समधल्या चाकांचा वेग जुळतो आणि गिअर लोण्यात सुरी जावी तसा जातो. एसटीचे जुने ड्रायव्हर हे झोपेतही करायचे. एखादा निवृत्त ड्रायव्हर ओळखीत असेल तर त्याला शेजारी बसवा. दोन तासांत जे शिकवेल ते कुठे वाचून येणार नाही, इथे वाचूनही नाही.

हाताला घाई करू देऊ नका. न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबा, मग पुढे. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन जेमतेम ४० अश्वशक्तीचं, आजच्या साध्या हॅचबॅकच्या निम्म्याच्या आसपास. ओव्हरटेक करताना ही निम्मी अश्वशक्ती ध्यानात ठेवा. पुढच्या ट्रॅक्टरला गाठायला जेवढा रस्ता मोकळा लागेल असं वाटतं, त्याच्या दुप्पट लागतो.

पायरी ५: थांबणं

इथे वेळ घालवा. एक अख्खी सकाळ.

जुन्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि पायाच्या जोराला मदत करणारा बूस्टर नाही. तुम्ही जेवढं दाबाल तेवढंच चाकांना मिळतं. नव्या गाडीत बोटभर दाबून काम होतं, इथे मांडीचा जोर लागतो. एबीएस आपल्याकडे नव्या मोटारींना २०१९पासून सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतर शिकलेल्या कित्येकांनी चाक लॉक होऊन गाडी घसरते म्हणजे काय हे अनुभवलेलंच नाही. जुन्या गाडीत पूर्ण ताकदीने दाबलात तर चाकं अडकतात, आणि अडकलेल्या पुढच्या चाकांना स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी गाडी सरळच जाते. अशा वेळी मनाविरुद्ध पाय थोडा उचलावा लागतो. हे मैदानात करून बघितलं नसेल तर रस्त्यावर पाय उचलला जाणार नाही, माझा गेला नव्हता.

चुन्याची रेघ मारा. ताशी ३०च्या वेगाने या, रेघेवर ब्रेक मारा, गाडी थांबली तिथे वीट ठेवा. मग ४०, मग ५०. विटांपर्यंतचं अंतर मोजायला खाली उतरा, नुसतं काचेतून बघू नका. वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलंय, पण स्वतः ठेवलेल्या विटांपर्यंत पावलं टाकत गेलं की ते पायात उतरतं. गाडी एका बाजूला ओढत असेल तर ब्रेकचे शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे) सगळीकडे एकसमान लागलेले नाहीत किंवा एखाद्या ड्रममध्ये तेल-ग्रीस उतरलंय. ते दुरुस्त करूनच पुढची पायरी. एरंडोलला आमचं डावीकडे ओढणं याच कारणाने होतं आणि मामांना ते माहीत होतं. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मी सवयीने उजवीकडे धरतो." असं करू नका.

आता वाईटातल्या वाईटाची तयारी. बऱ्याच जुन्या गाड्यांत चारही चाकांना ब्रेक ऑइलची एकच वाट असते. एक पाईप फुटला की चारही गेले. म्हणून पेडल खाली गेलं तर काय, हे आधीच पाठ हवं. पेडल भराभर पंप करा, एकेक गिअर खाली आणा आणि हँडब्रेक हळूहळू ओढा. बटण किंवा खटका सोडवून हातात धरून ओढा, म्हणजे मागची चाकं अडकली तर लगेच ढिला करता येतो. इंजिन बंद करू नका, ते तुम्हाला अडवायला मदत करतंय. मैदानात नुसत्या गिअर आणि हँडब्रेकवर गाडी थांबवायचा सराव पाच वेळा तरी करा.

रस्त्यावर आलात की अंतर राखा. ताशी ५०ला गाडी सेकंदाला १४ मीटर जाते. पुढचं वाहन एखाद्या झाडापाशी गेलं की मनात चार मोजा. चार होईपर्यंत तुम्ही त्या झाडाशी यायचं नाही. सहा नंबरच्या महामार्गावर (आता त्याला ५३ म्हणतात, पण जळगाव-भुसावळात अजून कुणी म्हणत नाही) एवढी जागा सोडली की त्यात केळीची गाडी घुसणारच. घुसू द्या आणि पुन्हा मागे राहा.

पायरी ६: स्टिअरिंग

उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवू नका. थोडी सरकू द्या, मग फिरवा, खांदे वाचतील. सरळ रस्त्यावर चाक थोडं इकडे-तिकडे हललं तरी गाडी सरळ जाते, त्या मोकळ्या जागेला मेकॅनिक "प्ले" म्हणतात. दोन बोटं चालेल, पाव फेरी नको. किंगपिनला (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिला) वेळेवर ग्रीस मारलं तर निम्मी तक्रार कमी होते. नायलॉन टायर असतील तर ट्रकांनी पाडलेल्या चाकोरीत गाडी आपल्या मनाने वळू पाहते, तिच्याशी कुस्ती न खेळता सैल हाताने धरा. अंगठे चाकाच्या आत अडकवू नका. खड्ड्यात आपटली की चाक झटका देतं आणि अंगठा सुजतो.

पायरी ७: ऊन

ब्रेकनंतर खान्देशात सर्वांत मोठा शत्रू हाच. भुसावळ-जळगावला एप्रिल-मेमध्ये ४४-४५ अंश नवे नाहीत. या गाड्यांचा पंखा बेल्टवर फिरतो, म्हणजे इंजिन जोरात तर पंखा जोरात. गर्दीत, फाटकावर, इंजिन मंद असतं तेव्हाच पंखाही मंद असतो. नव्या गाडीत विजेचा पंखा तापमान पाहून स्वतः सुरू होतो, त्यामुळे हे कोडं कुणाला पडत नाही. फाटक बंद असेल तर न्यूट्रल करून इंजिन थोडं उचलून धरा, किंवा सरळ बंद करा. काटा वर सरकू लागला तर सावलीला घ्या, बोनेट उघडा, आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. किमान अर्धा तास. झाकण दाबाखाली असतं, उघडलं की उकळतं पाणी अंगावर येतं. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर हेड (इंजिनाचा वरचा भाग) तडकू शकतं, म्हणून थंड झाल्यावर, थोडं थोडं.

दुसरी गोष्ट वाफेची. फागण्याजवळ मे महिन्यात दुपारी एक वाजता आमची पद्मिनी धापा टाकत बंद पडली. पाणी भरपूर, काटा ठीक, पेट्रोल अर्धी टाकी. मी प्लग काढले, डेल्कोचं (प्लगांना वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं) झाकण उघडून आतले पॉइंट घासले, हात काळे केले, उपयोग शून्य. धुळ्याकडे चाललेला एक ट्रकवाला थांबला. "तापनी का भो? मनाजोडे पानी शे." त्याने बादलीतला टॉवेल पिळला आणि रेडिएटरवर नाही, पेट्रोल पंपावर गुंडाळला. दहा मिनिटांत गाडी सुरू. झालं असं होतं की पंप इंजिनाला चिकटलेला, मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेणारा. ओढताना दाब कमी होतो, वर इंजिनाची धग, मग नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढत बसतो. नव्या गाडीचा पंप टाकीतच असतो आणि दाबाने पुढे ढकलतो, म्हणून तिथे हे सहसा होत नाही. गाडीत दहा लिटर पाणी आणि सुती कापड ठेवा. एवढं पुरतं. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत पोहोचा किंवा संध्याकाळी निघा, हे त्याहून चांगलं.

पायरी ८: घाट

पहिला घाट लळिंगचा घ्या, धुळ्याबाहेरच आहे आणि सौम्य आहे. मग साक्री-नवापूरच्या वाटेवरचा कोंडाईबारी. चाळीसगावहून कन्नडचा घाट आणि तोरणमाळची वळणं सहा महिने तरी लांब ठेवा. तोरणमाळ दिसतं सुंदर, पण चढताना रेडिएटरची आणि उतरताना ब्रेकची परीक्षा घेतं.

ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा, ट्रकवाल्यांचं हे जुनं गणित. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला की ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो, आणि पेडल प्रत्येक वळणावर थोडं थोडं खाली जाऊ लागतं. जळकट वास आला म्हणजे उशीर झालाय, लगेच थांबा. न्यूट्रलवर गाडी सोडून पेट्रोल वाचवणाऱ्यांच्या शेजारी बसू नका, मग ते घरचे असले तरी.

पायरी ९: रात्र आणि पाऊस

शक्यतो दोन्ही टाळा. डायनामोवर चालणाऱ्या दिव्यांचा उजेड पिवळा, आखूड, आणि समोरून येणाऱ्या एलईडीपुढे नसल्यासारखा. हंगामात कापसाच्या बैलगाड्या बिनदिव्याच्या असतात. पावसात ड्रममध्ये पाणी गेलं की काही क्षण ब्रेक लागतच नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर मागे कुणी नाही बघून हळू चालवत पेडल अलगद दाबून ठेवा, ते वाळतात. आणि पावसाळ्यात साइड द्यायला रस्त्याखाली उतरू नका. ही काळी माती आहे. अरुंद टायर रुतले की ट्रॅक्टर येईपर्यंत तिथेच.

पायरी १०: पेट्रोल, कागद, डिकी

पंपावर आता २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. जुने रबरी पाईप आणि पंपाचा पडदा ते सोसत नाहीत, मऊ पडून गळू लागतात. गरम इंजिनावर पेट्रोल गळणं म्हणजे आग, म्हणून सगळे पाईप इथेनॉल सोसणारे बसवून घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून टाकी भरून गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नका. देशात शिशाचं पेट्रोल २०००मध्ये बंद झालं. जुन्या व्हॉल्व्ह सीटना (हेडमधले व्हॉल्व्ह ज्यांवर बसतात त्या कड्यांना) त्या शिशाचा आधार होता. कधी हेड उघडलंच तर कडक सीट बसवा.

१५ वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी, फिटनेस तपासून, वाढवून घ्यावी लागते. ५० पूर्ण झाली म्हणून व्हिंटेजची नोंदणी करायला धावण्याआधी विचार करा. नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षं चालते, नंबरमध्ये "व्हीए" येतं, पण मग रोजच्या वापराला मनाई. रॅली, प्रदर्शन, देखभाल, पेट्रोल भरणं, एवढंच. बाजारला भाजी आणायला गाडी न्यायची असेल तर साधा नंबरच बरा.

डिकीत पॉइंट, कंडेन्सर, फॅनबेल्ट, एक प्लग, होज पाईपचा तुकडा, क्लिपा, पॉलिश पेपर, पाने, तार, टॉर्च. नव्या गाडीत यातलं एकही लागत नाही, लागलं तरी तुम्हाला बसवता येणार नाही. मेकॅनिक निवडताना मिसिंग होतंय, म्हणजे इंजिन मधेच ठोका चुकवतंय, असं सांगा. लॅपटॉप शोधू लागला तर नमस्कार करून निघा. कान लावून ऐकू लागला तर त्याचा नंबर घ्या.

घरी आल्यावर मिनिटभर इंजिन मंद चालू द्या, मग बंद करा, गिअरमध्ये टाका, आणि गाडीखाली पुठ्ठा सरकवा. आमच्याकडे रावेरच्या केळीच्या खोक्याचा आहे. सकाळी त्यावर बघायचं: पुढे हिरवट डाग म्हणजे कुलंट, मध्ये काळा म्हणजे इंजिन ऑइल, चाकाजवळ ओल म्हणजे ब्रेक, निघायचं नाही. आमचे नेहमी चार काळे थेंब असतात. परवा एकही नव्हता. मी खुशीत मामांना सांगितलं, तर ते चष्मा लावत उठले. "गळायला तेल उरलंय का, ते आधी बघ."